पन्नासच्या आत

पेन्सिल होती. बोटभर उरलेली, मागच्या टोकाला दातांच्या खुणा असलेली... दिसत होती म्हणजे होती. अंगठा आणि दोन बोटं यांच्यामध्ये ती व्यवस्थित धरलेली दिसत होती, तिचं टोक वहीच्या रेघेवर टेकलेलं दिसत होतं; पण डोळे मिटले की पेन्सिल जायची, मग बोटं जायची, मग मनगटाच्या पुढचं सगळंच जायचं, आणि तिथं काय उरायचं ते सांगायला शब्द नव्हता. बधिर म्हणावं तर बधिरपणा तरी जाणवावा लागतो. अमृतने डोळे उघडले. पेन्सिल परत आली होती.

वहीत रविवार होते. ऑक्टोबरपासूनचे, एकाखाली एक. एक्क्याऐंशी, सत्त्याहत्तर, एकोणऐंशी, सत्तर... मग दिवाळीतला एक सुटलेला, मग सहासष्ट, पुन्हा सहासष्ट, एकसष्ट. गोल्फचे नऊ होल, आणि त्या नऊ भोकांत चेंडू घालायला मिळून किती फटके लागले तो आकडा. जाणता माणूस हे पस्तिसात संपवतो म्हणे. आकडा जितका लहान तितका खेळाडू मोठा. जन्मभर मार्क वाढवायची सवय असलेल्या माणसाला हे उतरतं मोजमाप सुरुवातीला जड गेलं होतं. आता जड जात नव्हतं, हलकंही जात नव्हतं. अलीकडचे अठ्ठावन्न, एकोणसाठ, चोपन्न, त्रेपन्न, मागच्या रविवारी एक्कावन्न. कोणाची तरी प्रगती जोरात चालली होती. कोणाची ते बघायला त्याने वहीचं पहिलं पान उलटलं, तर तिथं त्याचंच नाव होतं.

"आज होतंय बघा," वैजयंती म्हणाली. चहाची कपबशी तिने त्याच्या डाव्या हाताशी ठेवली. "एक्कावन्नाचे एकोणपन्नास. दोनच कमी करायचेत की ओ."

"होय की," तो म्हणाला.

"मग सोमवारी टेबलावर."

"होय."

ती खूश होती. तिच्या खूश असण्याकडे तो बघत होता — भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावं तसा, वेळ समजून घेण्यापुरता. ती आत गेली, कढईत जिरं तडतडलं, आणि त्याला वाटलं की आपल्याला काहीतरी वाटायला हवं होतं. बायको सात महिने आपल्या मागे उभी आहे, देवाला नवस बोलली आहे, ऑफिस सांभाळून तिने फिजिओथेरपीच्या फेऱ्या केल्या आहेत. अशा बाईबद्दल माणसाच्या पोटात काहीतरी हलतं. हलत नव्हतं. हे काही नवीन नव्हतं, त्यामुळे त्याने चहा प्यायला.

ऑगस्टमध्ये अर्धांगाचा झटका आला तेव्हा तो माल तपासायच्या टेबलावरच होता. चिंचोळीच्या टॉवेलच्या कारखान्यात सव्वीस वर्षं त्याचं एकच काम होतं — टॉवेलवरून तळहात फिरवायचा. एकदा लव जाते त्या दिशेने, एकदा उलट. वजन सांगायला काटा होता, पाणी किती शोषतं ते सांगायला प्रयोगशाळा होती, पण टॉवेल मऊ आहे की नुसता मऊ दिसतो हे अमृतचा उजवा तळहात सांगायचा, आणि तो सांगेल ते कागदावर चढायचं. परदेशी गिऱ्हाईक आलं की मालक बापूसाहेब त्याला बोलावून घ्यायचे, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर रुमाल बांधून, त्याच्याही डोळ्यांवर बांधून, दोघांपुढे चार टॉवेल टाकायचे. तो कधी चुकला नाही. चुकणं शक्यच नव्हतं, तळहाताला ते कळायचं, पोटाला भूक कळते तसं. मग एके दिवशी साडेअकरा वाजता टॉवेल हाताखालून नाहीसा झाला. त्याने खाली बघितलं तर टॉवेल तिथंच होता.

हालचाल परत आली. महिन्याभरात मूठ वळू लागली, सही येऊ लागली, शर्टाची बटणं आरशात बघून लागू लागली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, संवेदना येईल किंवा येणारही नाही, आली तर हळूहळू, कदाचित मुंग्यांसारखी, कदाचित दुखत दुखत. हे त्यांनी त्याला एकट्याला सांगितलं. त्याच संध्याकाळी वैजयंतीने दवाखान्यात त्याचा हात हातात घेतला, तळव्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "समजतंय का ओ?" अकरा दिवस ती खुर्चीवर झोपली होती, तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तो म्हणाला, "समजतंय." त्यात दया नव्हती, भीतीही नव्हती. माल पुढे सरकवायचा असतो, सरकवला. ती तिथंच, सलाईनच्या स्टँडला धरून, हमसून रडली. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या कारखान्याला कळलं होतं की अमृतच्या हाताला समजायला लागलं, आणि झाकली मूठ तेव्हापासून झाकलेलीच राहिली.

सकाळी साडेसहाला बापूसाहेबांची गाडी आली.

बापूसाहेब मूळचे माळशिरसकडचे. कारखान्याचे मालक, वय पासष्ट, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने त्यांना एकदा गोल्फ खेळायला नेलं आणि ते तिथून पछाडल्यासारखे परत आले. मोहोळच्या बाजूला त्यांचं चाळीस एकर माळरान होतं, नुसता मुरूम, कुसळं आणि बाभळी. त्यावर त्यांनी नऊ होल पाडले. गवत जगवायला पाणी नव्हतं, म्हणून हिरवळीच्या जागी वाळूचे गोल केले. वाळूत तेल कालवून ती दाबून बसवायची, म्हणजे चेंडू घरंगळतो. अशाला ब्राउन म्हणतात. बाकी मैदान दगडधोंड्यांचं, तेव्हा प्रत्येक फटक्याआधी चटईचा वीतभर तुकडा खाली टाकायचा आणि त्यावर चेंडू ठेवायचा. एवढं सगळं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की खेळायला जोडीदारच नाही. मग अमृतच्या हाताला व्यायाम हवाय हे त्यांना सुचलं.

"काठी धर. फिरव. हात आपोआप मोकळा हुतो," ते ऑक्टोबरात म्हणाले होते, आणि पुढे, "पन्नासच्या आत आलास की त्याच सोमवारी टेबलावर बस. डॉक्टरचा दाखला नको मला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? आकडा सांगतोय की."

टेबलावर सध्या दोघे जण बसत होते आणि दोघांचं एकमत होत नव्हतं. गेल्या महिन्यात एक कंटेनर परत आला. बापूसाहेब ते बोलून दाखवत नव्हते, गाडी चालवताना फक्त एकदा म्हणाले, "लवकर ये बाबा," आणि अमृतने खिडकीबाहेर बघत मान हलवली. चिंचोळीच्या फाट्यावर रात्रपाळीची माणसं डबे घेऊन उभी होती. मी टेबलावर बसलो तर काय होईल... मी डोळ्यांनी बघेन. लव कशी पडलीय, उजेड तिच्यावर कसा सरकतोय, ते बघून सांगेन. दहातले सात बरोबर येतील. आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही तर? सव्वीस वर्षं तळहात जे करत होता त्यावाचूनही सगळं सुरळीत चालणार असेल तर? पकडलं जाण्यापेक्षा हा विचार वाईट होता, हे त्याला कळत होतं. पण कळणं आणि लागणं यांच्यात बरंच अंतर पडलं होतं. गाडी माळावर चढली.

हुसेनसाब काठ्यांची पिशवी घेऊन उभे होते. अडुसष्टाव्या वर्षीही ताठ. तीस वर्षं यंत्रमागावर काढलेली, मागांच्या खडखडाटात कान गेलेले, त्यामुळे बोलायचे ते ओरडूनच. माळाची राखण, वाळू सारखी करणं, फटके मोजणं, सगळं तेच बघत.

"सलाम सायेब! आज हवा न्हाई! आज आकडा पडतोय!"

पहिल्या होलला सहा. दुसऱ्याला पाच. तिसरा आखूड, तिथं चार.

अमृतचा चेंडू सरळ जायचा. लांब नाही, पण सरळ, आणि हे बापूसाहेबांना काही केल्या उमगत नव्हतं. ते स्वतः चार वर्षं खेळत होते आणि त्यांचा चेंडू अजून डावीकडच्या बाभळीत जायचा. "माझा उजवा हात लई शाना," ते दर रविवारी म्हणायचे. "डाव्याला काम करू देत न्हाई, मदीच घुसतो. पुण्याचा तो मास्तर म्हनला, उजवा हात हाय हेच इसरा. आता हात हाय ते कसं इसरायचं, सांग! तुला कसं जमतंय?"

अमृतला जमत होतं कारण विसरायचा प्रश्नच नव्हता. डावा हात काठी फिरवायचा, उजवा बरोबर जायचा, लग्नाच्या वरातीत लांबचा पाहुणा चालतो तसा. एक्क्याऐंशीपासून एक्कावन्नापर्यंतची सगळी उतरण त्या मेलेल्या तळहाताची होती. हे त्याला डिसेंबरातच कळलं होतं. हात बरा होतोय म्हणून आकडा उतरतोय असं घरी, कारखान्यात, या माळावर सगळे समजत होते, आणि तो मात्र दर रविवारी पेन्सिलीने नोंद करत होता की हात अजून मेलेलाच आहे, इतका छान मेलेला आहे की आज त्रेपन्न. यावर हसू यायला हवं होतं. पूर्वी आलं असतं.

चौथ्याला सहा, पाचव्याला सात. पाचव्यावर एक फटका हवेतच गेला. काठी चेंडूच्या वरून निघून गेली.

"त्यो धरू नका!" हुसेनसाब ओरडले. नवशिक्याचा हवेतला फटका पहिलं वर्षभर मोजायचा नाही, असा या माळाचा रिवाज होता. बापूसाहेबांनीच पाडलेला, स्वतःच्या सोयीने.

"धरा," अमृत म्हणाला. तो नेहमी धरायचा.

"बगा!" बापूसाहेब हुसेनसाबना म्हणाले. "असा मानूस. फटक्याचं खोटं बोलणार न्हाई. म्हनून याला टेबलावर बसवला व्हता मी."

सहाव्याला पाच, सातव्याला चार. सातव्याजवळच्या लिंबाखाली हुसेनसाबनी थर्मासमधला चहा ओतला. स्टीलचा पेला त्यांनी अमृतच्या उजव्या हातात दिला, सहज, आणि अमृतने तो घेतला आणि बोटं नीट वळली आहेत की नाही हे बघत तो धरून ठेवला. पेल्यातून वाफ निघत होती. तेवढ्यात, कुठून कोण जाणे, त्याला सकाळची कपबशी आठवली. डाव्या हाताशी ठेवलेली. कालची. परवाची. जेवताना आमटीची वाटी डावीकडे, गरम पाण्याची बादली भरून, हात घालून बघून मग हाक... किती महिने? नोव्हेंबरात त्याला तळव्यावर फोड आला होता, त्याने तो मूठ मिटून लपवला होता, आणि त्यानंतर तिने "समजतंय का ओ" हे कधी विचारलं नव्हतं. एकदाही नाही. म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असून ती दर रविवारी आकडा विचारायची, आणि आकडा उतरला की खूश व्हायची... की खूश असल्याचं दाखवायची? सकाळी त्याने तिच्या चेहऱ्याकडे घड्याळासारखं बघितलं होतं. वेळ चुकीची वाचली होती. त्याने पेला डाव्या हातात घेतला, तेव्हा तो चांगलाच पोळला.

आठव्याला सहा.

"त्रेचाळीस!" हुसेनसाबनी बोटं दाखवत गर्जना केली. "सायेब, शेवटचा सहात काढा!"

नववा होल लांब होता, पण अडचणीचा नव्हता. मागच्या दोन रविवारी तो तिथं सहातच आला होता. बापूसाहेब आपला खेळ सोडून काठीवर रेलून उभे राहिले. त्यांना आता फक्त हा एकच आकडा बघायचा होता. पहिला फटका नेहमीसारखा, सरळ, ओढ्यापर्यंत. हुसेनसाबनी चटई टाकली, चेंडू ठेवला. अमृतने काठी फिरवली आणि ती चटईच्या आधीच जमिनीत बसली, मुरुमाखालच्या दगडावर, खण्ण करून, आणि...

काय झालं ते त्याला लगेच कळलं नाही. चेंडू दहा पावलं जाऊन थांबला होता. डाव्या हाताला कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या होत्या, त्या ओळखीच्या होत्या. पण उजव्या बाजूला, करंगळीच्या मुळाशी, एक बारीक काहीतरी होतं. टोचल्यासारखं. टोचल्यासारखंही नव्हे, कोणीतरी लांबून हाक मारावी आणि ती आपल्यालाच होती का याची खात्री नसावी, तसं. तो उभाच राहिला. ते गेलं. होतं का खरंच? परत आलं. गेलं.

"काय न्हाई, काय न्हाई! अजून चार हाईत!"

तिसऱ्या फटक्याला त्याने काठी धरली तेव्हा उजवा हात ती नुसती धरत नव्हता, शोधत होता. तो शोधतोय हे अमृतला वरूनच दिसलं, बोटं पांढरी पडली होती. सोड, त्याने स्वतःला बजावलं, ढिला सोड, अजून जमेल. पण त्या करंगळीच्या मुळाशी काय आहे हे बघितल्याशिवाय सोडता येत नव्हतं, आणि फटक्याच्या क्षणी तो हात असा काही मध्ये घुसला की चेंडू डावीकडे वळून थेट बाभळीत गेला. बापूसाहेबांचा जातो तसा. अगदी तसाच.

"आरारारा," बापूसाहेब म्हणाले.

बाभळीतून चौथा फटका हवेत गेला. हुसेनसाबनी तोही बोटांवर धरला. पाचव्याला चेंडू बाहेर आला. सहाव्याला ब्राउनच्या कडेला. आता काही उरलं नव्हतं, सहा तर इथंच संपले होते, पण चेंडू भोकात घालावाच लागतो. हुसेनसाबनी लोखंडी पाइप ओढून चेंडूपासून भोकापर्यंत वाळूवर वाट सारखी केली. अमृत खाली बसला. ती वाट न्याहाळतोय असं दाखवत त्याने उजवा तळहात वाळूवर टेकला आणि डोळे मिटले. मनगटाच्या पुढे नेहमीचं ते होतं, ज्याला शब्द नव्हता. तो थांबला. लव जाते तशी, मग उलट, सव्वीस वर्षांच्या सवयीने त्याने हात हलवला. तळवा, नाही. अंगठा, नाही. करंगळीच्या खाली... चिकट? का चिकट असणार हे डोक्याला माहीत आहे म्हणून? खरखर? नाही. हो. एखादाच कण. तेवढ्या जागेला कण कळत होता किंवा त्याला वेड लागलं होतं.

सात. आठ. नऊ.

"बावन्न," अमृतने आपण होऊन सांगितलं.

बापूसाहेब जवळ आले. त्यांनी टोपी काढून घाम पुसला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर निराशा होती ती त्यांनी टोपीबरोबर बाजूला केली. "तीन फटकं," ते म्हणाले. "तीन फटक्यानं काय हुतंय रं? आठ होलपतूर आलाच व्हतास की. नियम माझाच हाय, मीच मोडतो. उद्या ये. टेबलावर."

होय म्हणायचं होतं. होय हा शब्द सात महिने जिभेवर तयार असायचा, विचारलं की सुटायचा. आताही सुटणार होता. पण आज त्याच्या आड काहीतरी आलं, आणि ते काय आहे हे कळायच्या आतच त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"बापूसाहेब, माझ्या उजव्या तळहाताला काही कळत नाही. झटका आला तेव्हापासून. मी खोटं सांगितलं होतं. घरीसुद्धा."

हुसेनसाबना ऐकू गेलं नसावं. ते पाइप घासत होते. बापूसाहेबांनी काठी खाली टाकली. मग त्यांनी त्याचा उजवा हात उचलला आणि उलटा करून तळव्याकडे बघितलं. बैलाचा खूर बघावा तसा, मन लावून. त्यांच्या अंगठ्याने तळवा दाबलेला अमृतला दिसत होता.

"आजिबात न्हाई?"

"नाही."

"आनि आत्ता?"

सात महिने खोटं बोलून आज खरं सांगितलं होतं, आणि नेमकं आजच ते पुरतं खरं राहिलं नव्हतं. अंगठा करंगळीच्या दिशेने सरकत होता. तिथं पोचल्यावर काय होईल? काहीच झालं नाही तर ती मघाची हाकही खोटी, आणि मग उरलेली सगळी वर्षं ही अशीच, दिसणारी. आणि झालं तर... तर हात मध्ये घुसणार, दुखणार, कपबशी पोळणार. आमटीची वाटी डावीकडे ठेवणाऱ्या त्या बाईपुढे बसून दवाखान्यातलं ते एक वाक्य मागे घ्यावं लागणार, आणि ते घेताना तिच्याकडे बघावं लागणार. त्याला हात ओढून घ्यावासा वाटला. त्याला भीती वाटत होती. साधीसुधी नव्हे, लहानपणी विहिरीच्या काठावर वाटली होती तशी भीती. ऑगस्टमध्ये टॉवेल नाहीसा झाला तेव्हाही ती वाटली नव्हती, दवाखान्यात नव्हती, आज सकाळीही नव्हती.

"अमृत? बोल की."

"थांबा," तो म्हणाला. "जरा थांबा. हात सोडू नका."